रिकामीच आहे

मिस्त्रींना एका वाक्याची विलक्षण चीड होती. ते वाक्य म्हणजे, "रिकामीच आहे."

बंदुका विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते अडतीस वर्षं दुरुस्तीचं काम करत होते, आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा त्या अडतीस वर्षांत गेला नव्हता. माणूस दुकानात शिरतो, पिशवीतून वस्तू काढतो, नळीचं तोंड सरळ मिस्त्रींच्या पोटाकडे करून ती काउंटरवर ठेवतो आणि वर हसून सांगतो, रिकामीच आहे. शेजारणीचा डबा परत करावा तसा. वकील सांगतो, डॉक्टर सांगतो, दहावी नापास झालेला सांगतो आणि दोन दोन पदव्यांच्या पाट्या दारावर लावणाराही सांगतो. या एका बाबतीत शिकलेला आणि अडाणी हा भेद कधीच मिटला आहे.

"तुम्ही पाहिलंत?" मिस्त्री विचारायचे.

"पाहायचं काय त्यात? मीच ठेवली होती रिकामी करून."

"कधी?"

"झाले असतील चार-सहा महिने."

"आधी उघडा."

दिवसातून दहा वेळा हे 'आधी उघडा' ऐकून ऐकून गल्लीने त्यांना तेच आडनाव लावून टाकलं होतं. समोरचा चहावाला हाक मारायचा, "ओ आधीउघडे, चहा पाठवू का?" बायको म्हणायची, यांच्या हातात चमचा दिला तरी आधी उघडून बघतील. मिस्त्री कुणाच्या हसण्याने बधणारे नव्हते. त्यांच्या खोलीच्या दाराशी वाळूने भरलेलं पिंप होतं. कोणाचीही वस्तू असो, कितीही मोठा माणूस असो, नळीचं तोंड त्या वाळूकडे करायचं, वस्तू उघडायची, डोळ्याने बघायचं, आणि मग काडतूस जिथे बसतं त्या घरात करंगळी घालून बघायचं. डोळ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. डोळ्याला जे पाहायचं असतं तेच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. करंगळीला तेवढी अक्कल नसते, ती जे असेल ते सांगते. स्वतःच तपासून ठेवलेली वस्तू असली आणि मध्ये पाणी प्यायला उठले, तरी परत आल्यावर पुन्हा वाळू, पुन्हा उघडणं, पुन्हा करंगळी.

दुकानाचे मालक म्हणायचे, "अहो मिस्त्री, दोन मिनिटांपूर्वी बघितलीत ना तुम्ही?"

"दोन मिनिटांपूर्वीची दोन मिनिटांपूर्वी बघितली. आत्ताची कुठे बघितली?"

आणि हा नुसता तऱ्हेवाईकपणा नव्हता, कारण त्यांच्या टेबलावरच्या फळीवर एक काचेची बरणी होती. 'रिकामीच आहे' असं सांगून दिलेल्या वस्तूंमधून जी काडतुसं निघाली, ती दारू काढून टाकून मिस्त्रींनी त्या बरणीत जमवली होती. अडतीस वर्षांत त्रेचाळीस. प्रत्येकाला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली. नाव कुणाचंच नाही, फक्त धंदा आणि काय घडलं ते. 'प्राध्यापक. शंभर टक्के म्हणाले.' 'दातांचे डॉक्टर. दोनदा शपथ घेतली.' 'निवृत्त फौजी. माझ्यावरच रागावले.' 'नवरा-बायको. एकमेकांवर ढकललं.' नवीन गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं की मिस्त्री ती बरणी त्याच्यापुढे आदळायचे आणि म्हणायचे, वाचा, वेळ आहे माझ्याकडे. त्रेचाळीस माणसं आज घरात मुलाबाळांसकट सुखाने जेवतात ती या करंगळीच्या कृपेने, आणि त्यातल्या एकानेही कधी परत येऊन सांगितलं नाही की मिस्त्री, तुमचं बरोबर होतं. उलट चिठ्ठी बघून रुसलेले पुष्कळ.

आता या माणसाचा अभिमान सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातूनच झालं. मिस्त्रींचा हात खास बसला होता तो चापावर. चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो खटका. कारखान्यातून येणारा चाप जड असतो, करकरतो, ओढताना नेम हलतो. मिस्त्री तो असा घासून, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलून, पुन्हा पुन्हा जुळवून देत की ओढणाऱ्याला वाटावं बोट नुसतं टेकवलं. तारेच्या हुकाला छर्ऱ्यांची पिशवी टांगून ते चापाचं वजन मोजत, आणि इतक्या वर्षांत हाताला अशी सवय झाली होती की कुठलीही वस्तू उचलली की किती किलोची ते तराजूशिवाय सांगत. लांबून लांबून माणसं यायची. मालक पुढे बसून मिशीतल्या मिशीत हसायचे आणि म्हणायचे, आमच्या मिस्त्रींनी हात लावलेला चाप म्हणजे लोणी. मिस्त्री मान वर करायचे नाहीत, पण ऐकायचे.

त्यांच्या जावयाचा पेट्रोल पंप होता. मागच्या वर्षी शेजारच्या पंपावर लूटमार झाली, तेव्हा घाबरून त्याने परवाना काढला आणि मालकांच्याच दुकानातून रिव्हॉल्व्हर घेतलं. महिन्याभरात तक्रार घेऊन हजर.

"बाबा, चाप फार जड आहे हो. ओढता ओढता हातच थरथरतो. तुमच्यासारखा सासरा असताना मी हे का सोसायचं?"

सासऱ्याची अशी स्तुती करणारा जावई सगळ्यांच्याच नशिबी नसतो. मिस्त्रींनी इतर कामं बाजूला सारली आणि दोन दिवस त्या एका चापावर घालवले. सहा किलोचा चाप पावणेतीनवर आला. जावयाने वाळूच्या पिंपाकडे तोंड करून रिकामं रिव्हॉल्व्हर ओढून पाहिलं आणि नुसतं "वा बाबा" म्हणाला. मिस्त्री त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेले. त्यांनी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात सुबक काम होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

पण मिस्त्री ते मिस्त्रीच. वस्तू नुसती परत देतील तर शपथ. त्यांनी स्वतःच्या हाताने जाड पत्र्याची लोखंडी पेटी केली, दोन कुलपांची, भिंतीत बोल्टने आवळायची. काडतुसांसाठी निराळा डबा, त्याला निराळं कुलूप. आणि जावयाला समोर बसवून पाठ म्हणून घेतला. घरात पाऊल टाकलं की आधी रिकामी करायची. बघायची. करंगळी घालायची. वस्तू पेटीत, काडतुसं डब्यात, आणि दोन्ही किल्ल्या खिशात, खिळ्यावर नाही.

"हो बाबा," जावई म्हणाला.

जावयाने सासऱ्याला म्हटलेला 'हो' हा निव्वळ पाहुणचार असतो, हे मिस्त्रींना त्या वयात तरी कळायला हवं होतं.

दोन महिन्यांनी एका शनिवारी दुकान दुपारी बंद होतं, म्हणून मिस्त्री नातीला शाळेतून आणायला गेले. नात सहा वर्षांची, पहिलीत. जागेवर बसणं तिला ठाऊक नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेच्या फाटकाशी तिने आजोबांच्या हातात दप्तर दिलं आणि मिस्त्रींचा खांदा खाली गेला.

"अगं, धोंडे भरलेत का यात?"

"पुस्तकं आहेत. आणि डबा. आणि पाण्याची बाटली."

"साडेतीन किलो आहे हे. एवढ्याशा जिवाने साडेतीन किलो न्यायचं?"

"मी रोज नेते, आजोबा. तीन जिने. लिफ्ट बंदच असते."

मिस्त्री वाटभर शाळेच्या नावाने बोटं मोडत आले. सहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर हमालाचं ओझं देतात, शिक्षक म्हणवतात स्वतःला, कोणी विचारणारा नाही. भिंगरी पुढे पुढे उड्या मारत होती आणि फरशीच्या रेघेवर पाय पडला की पुन्हा मागे जात होती.

लेकीचं घर तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं, पुढे छोटी उघडी गच्ची. लेक औषधांच्या दुकानात काम करायची, ती नुकतीच आली होती. जावईही पंपावरून जेवायला आला होता. मिस्त्रींनी दप्तर खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि सवयीने गच्चीत गेले. तिथे कोपऱ्यात तुळशीएवढ्या उंचीचं काहीतरी झुडूप कुंडीत लावलेलं होतं, आणि ती कुंडी ठेवली होती त्यांच्या लोखंडी पेटीवर.

आधी त्यांना वाटलं, दुसरी एखादी पेटी असेल. मग स्वतःच्या हाताचा जोड ओळखू आला. कुंडीतल्या पाण्याने पत्र्याला गंज चढला होता. त्यांनी कुंडी उचलून खाली ठेवली, झाकण उघडलं. दोन्ही कुलपं आत पडली होती, किल्ल्यांसकट, आणि त्यांच्याभोवती कपडे वाळत घालायचे चिमटे. लाल, हिरवे, पिवळे.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार रविवार घालवले होते या पेटीवर. बायकोशी भांडून घालवले होते. आणि यांनी तिचा काय मान ठेवला, तर चिमटे.

घरात येऊन ते लेकीला म्हणाले, "फिनेलची बाटली कुठे ठेवतेस गं?"

"वरच्या फळीवर. का हो?"

"आणि औषधं?"

"कुलपात. बाबा, घरात लहान मूल आहे, मी दुकानात रोज बघते काय काय होतं ते."

"शाबास. फिनेल फळीवर, खोकल्याचं औषध कुलपात. आणि ती वस्तू?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. जावयाने ताटावरून मान उचलली. "अहो बाबा, ती पेटी बोल्टने लावायची तर भिंतीला भोकं पडतात. आत्ताच रंग दिलाय. म्हटलं सावकाश लावू. वस्तू आहे कपाटात, अगदी वर, कपड्यांच्या मागे. भिंगरीला तर माहीतसुद्धा नाही."

भिंगरी टेबलाशी पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "बाबांचं ठो ना? निळ्या स्वेटरखाली आहे."

जावई हसला. घाबरलेली माणसं आधी हसतात. "तुझा हात कुठे पोचतो गं तिथे?"

"मी खण काढते ना. खालचा, मग मधला, मग वरचा." तिने हवेत जिना काढून दाखवला. मोठ्यांना एवढं साधं कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं. "पण मी हात नाही लावला. गार आहे ते."

लेकीच्या हातातला पेला टेबलावर टेकला आणि तसाच राहिला. मिस्त्री नातीला म्हणाले, "भिंगरे, शेजारच्या काकूंकडे जा आणि विचार, घड्याळात किती वाजले. मी हाक मारेपर्यंत तिथेच बस." ती गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मग मिस्त्री उठले आणि थेट कपाटाकडे गेले. जावई मागून आला. "बाबा, मी काढून देतो. तुम्ही उगाच चिडताय. रिकामीच आहे."

अडतीस वर्षं जे वाक्य काउंटरपलीकडून ऐकलं, ते आता स्वतःच्या लेकीच्या घरात, नातीच्या फ्रॉकच्या घड्या बाजूला करताना ऐकू आलं. मिस्त्रींनी निळा स्वेटर उचलला. वस्तू होती. त्यांनी ती गच्चीत नेली, कुंडीतल्या मातीकडे तोंड केलं आणि उघडली. गोल चक्री बाजूला झाली. सहा घरं, सहा काडतुसं. करंगळीची गरजच नव्हती.

एक एक काढून त्यांनी चिमट्यांच्या शेजारी पेटीत ठेवलं.

जावयाचा चेहरा उतरला. "परवा पंपावरून उशिरा आलो होतो. काढायची राहिली असतील."

"राहिली असतील," मिस्त्री म्हणाले. "छत्री राहते पंपावर. चष्मा राहतो. माझी नात राहिली नसती, मग काय सांगणार होतात? 'राहिली असतील' म्हणून सांगणार होतात?"

"बाबा, हळू बोला," लेक म्हणाली, पण ती नवऱ्याकडेच बघत होती.

"हळू कसलं? दोन महिन्यांपूर्वी पाठ म्हणून घेतला ना मी? 'हो बाबा' म्हणालात ना? पालथ्या घड्यावर पाणी. अहो, भिंतीचा रंग जाईल म्हणून पेटी लावली नाही तुम्ही. रंग."

कोंडलेला माणूस शेवटी तोंड उघडतोच, आणि त्याचं म्हणणं त्याच्या दृष्टीने खरंही होतं. जावई म्हणाला, "चुकलं माझं. कबूल. पण मी अगदीच बेफिकीर नव्हतो, बाबा. घेतानाच मी विचारलं होतं की घरात लहान मुलगी आहे. तुमच्या मालकांनीच सांगितलं, या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका जड असतो की लहान मुलाच्या बोटाने ओढला जातच नाही. म्हणून तर मी निर्धास्त होतो."

मिस्त्रींनी ओरडायला तोंड उघडलं, आणि नजर हातातल्या चापावर गेली.

पेटीचं झाकण लोटून ते तिच्यावर बसले. जावई विसरला होता. मालकांचं बोलणं त्याच्या लक्षात होतं, त्यानंतर महिन्याभराने आपणच सासऱ्याकडे काय करून घेतलं ते त्या बोलण्याला जोडून बघायचं त्याला सुचलं नव्हतं. आणि मिस्त्रींना तरी कुठे सुचलं होतं?

"कपड्यांचा एखादा तारेचा हँगर आहे का घरात?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता. "आणि भिंगरीचं दप्तर आण."

लेकीने दोन्ही आणलं. ते काय करताहेत हे तिला कळेना. मिस्त्रींनी चक्री पुन्हा उघडली. सहा घरं पाहिली, सहाही घरांत करंगळी घातली. लेकीला घालायला लावली. जावयाला घालायला लावली. मग चक्री बंद केली. हँगरची तार सरळ करून तिचा हुक केला. एक टोक चापात, दुसरं दप्तराच्या वरच्या फाशात. दप्तर स्टुलावर ठेवलं, नळी उघड्या आभाळाकडे केली आणि हात सावकाश वर नेऊ लागले.

तार ताणली गेली. चाप मागे सरकला, मागचा घोडा उठला. कुठे अडखळलं नाही, करकरलं नाही. दप्तर अजून स्टुलावरून पुरतं उचललंही गेलं नव्हतं, तोच घोडा पडला. खट.

मिस्त्रींनी पुन्हा केलं. पुन्हा खट.

"तीन जिने नेते ती हे," ते म्हणाले. "रोज."

लेकीने कठड्याला धरलं. "पण हे म्हणाले ना आत्ता, की ओढलाच जात नाही?"

"जात नव्हता. कारखान्यातून आला तेव्हा खरंच जात नव्हता."

"मग हे कोणी केलं?"

"मी."

लहानपणापासून लेक या माणसाच्या धाकात वाढली होती. पाण्याची पिचकारीसुद्धा कुणाच्या तोंडाकडे धरायची नाही म्हणून चौथीत असताना तिने थप्पड खाल्ली होती. ती म्हणाली, "अख्ख्या गावाला उघडायला लावता बाबा तुम्ही. दोन दिवस बसला होतात ना हे घेऊन? त्या दोन दिवसांत एकदाही तुम्हाला भिंगरी आठवली नाही?"

"नाही आठवली," मिस्त्री म्हणाले. "काम हाताला फार चांगलं येत होतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इतकी वर्षं ज्यांना ज्यांना त्यांनी झाडलं, तो वकील, तो दातांचा डॉक्टर, हे सगळे निष्काळजीपणाने काडतूस विसरले होते. मिस्त्री काहीच विसरले नव्हते. त्यांनी शुद्धीवर राहून, घासून, मोजून, शीळ घालत हे केलं होतं. आपलाच राग आपल्यावर उलटला की तो कुठे ठेवावा ते माणसाला कळत नाही.

जावई आत गेला आणि परवान्याचे कागद घेऊन आला. "चला बाबा," तो म्हणाला. "दुकानात जमा करून टाकू. मालकांना फोन करतो, उघडतील."

"आजच," लेक म्हणाली. "आणि ती पेटी भिंतीला लागल्याशिवाय परत आणायची नाही. रंग गेला चुलीत."

सोमवारी सकाळी मिस्त्रींनी रिव्हॉल्व्हर टेबलावरच्या वाइसच्या पकडीत धरलं आणि आपलं सगळ्यात सुबक काम मोडायला घेतलं. जपून ठेवलेली जुनी कमान परत बसवली, घासलेला भाग काढून कारखान्याचा नवा घातला. हुकाला छर्ऱ्यांची पिशवी टांगली. सहा किलो. चाप पुन्हा करकरू लागला.

मालक दारात येऊन उभे राहिले. "अरेरे मिस्त्री. असं काम कोणी मोडतं का?"

मिस्त्रींनी मान न उचलता विचारलं, "लहान मुलाच्या बोटाने चाप ओढला जात नाही, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता?"

"मग, खरंच आहे ते. बायकामाणसं घाबरतात, त्यांना धीर द्यावा लागतो."

"आणि तेच गिऱ्हाईक नंतर चाप हलका करायला माझ्याकडे पाठवता."

"मी कुठे पाठवतो? ते येतात." मालक चुळबुळले. "आणि मिस्त्री, हलका करून तर तुम्ही देता."

हेही खरंच होतं, म्हणून ते जास्त झोंबलं. मिस्त्रींनी खणातून आपली कामाची वही काढली. मागच्या पाच वर्षांची पानं उलटली. चाप हलका केला, चाप हलका केला, चाप हलका केला. त्यांच्याच वळणदार अक्षरात, पुढे वजन आणि बाजूला समाधानाची एक छोटी टिकली. अकरा होते. जावई धरून बारा.

"मी या अकरा घरी जाणार आहे," ते म्हणाले.

"कशाला?"

"बघायला. कुठे ठेवतात, कसं ठेवतात, घरात कोण आहे. चाप परत जड करून देतो म्हणून सांगायला."

"वेड लागलंय का? गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन त्याच्या बायकोसमोर त्याला घाबरवणार? उद्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही."

"न फिरको. कुत्र्याला परवाना कोण देतंय?" मिस्त्री उठले. "तुम्ही माझ्या जावयाला जे सांगितलंत ते विकताना सांगितलंत. मी जे केलं ते हौसेने केलं. तुमच्यापेक्षा माझं पाप मोठं आहे, म्हणून मी तुमच्यावर ओरडत नाही. नाहीतर आज हे पिंप तुमच्या डोक्यावर ओतलं असतं."

मालक पुढच्या खोलीत निघून गेले. मिस्त्रींनी जावयाच्या सहा काडतुसांतली दारू काढली आणि ती काडतुसं बरणीत टाकण्याआधी एकत्र दोऱ्याने बांधली. चिठ्ठीवर लिहायला 'जावई' शब्द तयारच होता. 'जावई. रिकामीच आहे म्हणाले.' बरोबर बसत होतं, बरणीतल्या इतर चिठ्ठ्यांसारखंच. पण त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'मिस्त्री. चाप हलका करून दिला.' मग बरणी फळीच्या पुढच्या कडेला अशी ठेवली की चिठ्ठी दारातूनही वाचता यावी.

वहीतलं पहिलं नाव प्राध्यापकांचं होतं. ते शंभर टक्केवालेच. त्यांचं घर दुकानापासून चार गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. मिस्त्रींनी तारेचा हुक सदऱ्याच्या खिशात टाकला, दुपारी शाळा सुटल्यावरची वेळ धरली आणि घंटी वाजवली.

प्राध्यापकांनी दार उघडलं आणि खुशीत हसले. "अरे, मिस्त्री. इकडे कुठे वाट चुकलात? या, या. काय काम करून दिलंत हो तुम्ही, मी सगळ्यांना सांगत असतो. अगदी लोणी."

"वस्तू कुठे असते तुमची?"

"वस्तू? असते की आत, खणात. का?" मग त्यांना एकदम आठवलं आणि ते आणखी मोठ्याने हसले. "तुमचं ते चालू झालं वाटतं. अहो, काळजीच नको. रिकामीच आहे."

त्यांच्या मागे नातू उभा होता. सात-आठ वर्षांचा असेल. एका पायात मोजा, दुसरा हातात, आणि दारात कोण आलंय ते बघायला मान वाकडी केलेली. मिस्त्रींच्या तोंडावर 'आधी उघडा' आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. हे वाक्य त्यांनी या माणसाला पूर्वी ऐकवलं होतं, बरणी दाखवून ऐकवलं होतं, आणि तरी वस्तू आज खणात होती. ते उंबऱ्यातच गुडघ्यावर बसले आणि खिशातून तारेचा हुक काढला.

"बाळा," ते म्हणाले, "तुझं दप्तर आण बघू."